डबा रिकामा आला पाहिजे

सोमवार, २ फेब्रुवारी. पहाटे ५.४०

आजपासून मुंगीचा डबा मी करणार. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी शब्द फिरवायला नको. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तेव्हा शब्द फिरवणारा कोण असेल ते उघड आहे.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. वय सात, इयत्ता दुसरी. एकेक शीत उचलून खाते म्हणून हे नाव. आतापर्यंत डबा बायको करायची. आता तिला हॉस्पिटलात महिनाभर सकाळची ड्यूटी लागली आहे, सव्वापाचला गाडी येते. तिचं म्हणणं, डबा ताईकडे द्यावा. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, माझी मेहुणी. ती पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. शाळा सुटली की मी सहाला येईपर्यंत मुंगी तिच्याकडेच असते. म्हणजे दुपार तिची आहेच, आता सकाळही तिचीच. मी म्हणालो, बाप अजून जिवंत आहे. बायको म्हणाली, ते दिसतंय, पण बापाला अंडं उकडता येतं का.

शेवटी तह झाला. महिनाभर मी. अट एकच: डबा रिकामा आला पाहिजे. नाही जमलं तर महिनाअखेरीला डबा ताईकडे, कायमचा. कायमचा हा शब्द बायकोने दोनदा उच्चारला.

संकल्प: रोज पाच रंग. तळलेलं बंद, साखर बंद. शिवाय पोरीला आवडलं पाहिजे. रोज पाचला उठायचं. आज साडेपाच झाले, पण पहिल्या दिवसाचं काही धरत नाहीत.

६.५५. काकडी घातलेलं दही, गाजराच्या चकत्या, सफरचंद, अंडं. अर्धं अंडं टरफलाबरोबर गेलं. उरलेलं पौष्टिक आहे. रंग चार भरले. दह्याचा पांढरा आणि अंड्याचा पांढरा वेगळे धरले तर पाच.

रात्री ८.००

डबा रिकामा आला. मला वाटलं, पहिल्याच दिवशी मैदान मारलं. नंतर दप्तर उघडलं. दही सगळं गणिताच्या वहीत. बाईंनी शेरा लिहिला आहे, कृपया झाकणाकडे लक्ष द्यावे.

झाकणाकडे लक्ष द्या, हे मला सांगतात. मला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

दिवसभर तो शेरा डोक्यात. एका जागी बसवेना.

चौदा वर्षं मी झाकणं तपासतो आहे. आमच्या कारखान्यात डब्यांचा विभाग आणि झाकणांचा विभाग वेगळे आहेत, आणि डबेवाले आम्हाला जरा वचकूनच असतात. सध्या आमच्याकडे नवं झाकण आलं आहे. चार क्लिपा, दुहेरी रबर. रंगीत पाणी भरून रात्रभर उलटं टांगलं, टेबलावरून दहादा पाडलं, हलवायच्या यंत्रावर तासभर घुसळलं. टिपूस आला नाही. साहेबांनी हाताने उघडायला घेतलं तर त्यांचं नख तुटलं. विभागात टाळ्या पडल्या.

साहेबांना महिनाअखेरपर्यंत घरगुती वापराचा रिपोर्ट हवाच होता. मी म्हणालो, माझ्या घरी वापरणारी व्यक्ती आहे. नमुना घरी आणला.

बुधवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ७.१५

आता कसं. भात, मटार, मक्याचे दाणे, वर किसलेलं गाजर. पातेल्यातून वाफाळता काढला, डब्यात भरला आणि लगेच बंद. ऊब आतच राहिली पाहिजे. टक, टक, टक, टक. तो आवाज ऐकून बरं वाटलं.

मुंगीला सगळं समजावलं. हे झाकण बाबाच्या कारखान्यातलं आहे, साहेबांनाही उघडलं नाही. तिने डब्याकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, मग मी कसं उघडायचं. मी दाखवलं. आधी चार क्लिपा, मग इथून पट्टी घालून हलकेच वर. सोपं आहे.

पट्टी म्हणजे आमच्या विभागात प्रत्येकाच्या पँटच्या खिशात असते ती चपटी स्टीलची पट्टी. नमुने उघडायला. चौदा वर्षांत इतकी अंगवळणी पडली आहे की खिशात आहे हेही लक्षात राहत नाही.

संध्याकाळी ६.४०

दप्तर कोरडं ठणठणीत. डबा भरलेला.

मुंगी म्हणाली, वेळ पुरला नाही. मी पट्टी घालून झाकण उघडलं. प्स्स असा आवाज आला. चौदा वर्षं हा आवाज ऐकायला आम्ही धडपडतो. बाहेरची हवा आत गेल्याचा आवाज. म्हणजे सकाळपासून आत काही गेलं नाही आणि बाहेर काही आलं नाही. भात सकाळी होता तसाच. मी हसलो बहुतेक, कारण मुंगीही हसली.

झाकण पास. भात नापास. मुलांना भाताचा कंटाळा येतो, हे मी आधीच ओळखायला हवं होतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल उकडलेले हरभरे आणि भोपळा. भरलेला आला. आज गनिमी कावा. चीजची मांजर कापली, मिशांना गाजराच्या काड्या, डोळ्यांना मटार. पाचला उठलो त्यासाठी. मांजर गरम पास्त्यावर बसवली आणि बंद केलं.

संध्याकाळी भरलेला. मांजर वितळून तिचं काहीतरी भलतंच झालं होतं. मुंगीला विचारलं, मांजर आवडली का. ती म्हणाली, छान असेल. आवडली म्हणायच्या ऐवजी असेल. दुसरीतल्या मुलांना भूतकाळ अजून जमत नाही, बाईंनी लक्ष द्यायला हवं.

वेळ पुरला नाही, हे पुन्हा आहेच.

रविवार, ८ फेब्रुवारी

वेळ पुरत नाही म्हणजे किती पुरत नाही? कारखान्यात आम्ही असं मोघम कधी बोलत नाही.

आज चाचणी घेतली. मधल्या सुट्टीसारखी घंटा वाजवली (चमचा ताटलीवर). डबा मी उघडून तिच्यासमोर ठेवला, स्टॉपवॉच सुरू केलं. साडेनऊ मिनिटांत डबा चाटूनपुसून साफ. अजून आहे का, असं विचारलं. शाळेची सुट्टी वीस मिनिटांची. म्हणजे साडेदहा मिनिटं हातात उरतात. ती साडेदहा मिनिटं कुठे जातात हा खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष: शाळेत गप्पा मारते. तिला समोर बसवून एकाग्रतेवर बोललो. तिने मान डोलावली. पोरगी ऐकणारी आहे, एवढं मात्र बायकोवर गेलेली नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी. दुपारी १२.१५

राहवलं नाही. कारखान्यातून साहेबांना दातांच्या डॉक्टरचं कारण सांगून निघालो आणि साडेदहाला शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. जाळीतून बघितलं.

मुंगी पायरीवर बसली होती. डबा मांडीवर. क्लिपा उघडत होती, लावत होती. मग डबा गुडघ्यांत दाबून झाकण दोन्ही हातांनी ओढत होती. मग उलटा करून थोपटत होती. म्हणजे डब्याशी खेळत होती, सगळी सुट्टी. माझा संशय खरा निघाला. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी बिस्कीट खात होती. तिने अर्धं मोडून मुंगीला दिलं.

साखर. माझ्या डोळ्यांसमोर.

रखवालदाराने विचारलं, कोण हवंय. मी म्हणालो, कुणी नाही, बघतोय नुसतं. हे उत्तर त्याला आवडलं नाही. निघालो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मुंगीला बिस्कीटबंदी. तिने विचारलं, अर्धं पण नाही? मी म्हणालो, तत्त्व अर्धं नसतं. आजचा डबा: राजमा, बीट, काकडी, केळं. भरलेला.

जिन्यात मेहुणी भेटली. म्हणाली, पोर दोन वाजता येते ती ताटावर तुटून पडते, सकाळी नेता तरी काय डब्यात? मी म्हणालो, ताई, तुमच्या हाताला मीठ जरा पुढे असतं, मुलांना चटक लागते. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. दोन जिने चढल्यावर तिला नेहमी धाप लागते आणि मग छातीत जळजळतं. खाण्यापिण्याचा मार्ग चुकला की असं होतं. बोललो नाही, मोठी आहे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बाईंची चिठ्ठी. डब्याबाबत बोलायचे आहे, एकदा भेटून जावे.

अंगावर मूठभर मांस चढलं. पाच रंगांची चर्चा तिथवर गेलेली दिसते. उद्या कारखान्यात तपासणी आहे, जाणं शक्य नाही. पण बाईंना ताटकळत ठेवणंही बरं नाही. दोन पानी तक्ता करून मुंगीबरोबर देतो आहे: कुठल्या दिवशी कुठला रंग, त्यातलं लोह, त्यातलं प्रोटीन. इतर पालकांना दाखवायला हरकत नाही, असं खाली लिहिलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

बाईंचं उत्तर नाही. तक्ता पचायला वेळ लागेल.

काल डबा भरलेला आलाच, पण वाईटातही एक चांगलं घडलं. मुंगीच्या हातून जिन्यात सुटला. एकवीस पायऱ्या. मी वरून पाहत होतो. तळाला जाऊन भिंतीवर आपटला, क्लिपही हलली नाही. साहेबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, शनिवार आहे.

बायको आज घरी. मुंगीला अंघोळ घालून बाहेर आली आणि म्हणाली, हिच्या बरगड्या लागतायत हाताला. डबा खाते का ही? मी म्हणालो, मेनू सेट होतोय. ती म्हणाली, पोरगी म्हणजे कारखाना नाही सेट व्हायला. मग मुंगीला विचारलं. मुंगीने आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, वेळ पुरत नाही. बायको म्हणाली, चौदा दिवस राहिलेत. मला नाही, तारखेला उद्देशून.

खोटं कशाला लिहू. डबा गेला तर मला या घरात मुंगीचं असं काही काम उरत नाही. सकाळी तिची आई, दुपारी तिची मावशी, संध्याकाळी टीव्ही.

सोमवार, १६ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.३०

भरलेला. सलग नववा. आज पाककृतींची सगळी पानं फाडली आणि नंतर ती पुन्हा चिकटवली.

मेहुणी वर आली होती. म्हणाली, मला त्या झाकणाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या कामाबद्दल काही विचारलं. मी खुर्ची दिली. दुहेरी रबर म्हणजे काय, आधी एकेरी का असायचं, त्यात वाफ कशी फसते, हे कागदावर आकृती काढून सांगितलं. ती मधे मधे अहो, पण, असं म्हणत होती, म्हणजे रस होता. पंचवीस मिनिटांनी उठली आणि म्हणाली, बरं, मीच बघते. आकृती घेऊन जा म्हणालो, तर राहिली इथेच.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.२०

रिकामा.

पुन्हा बघितलं. रिकामा. धुतलेलाही. गाजर, फरसबी, मका, उकडलेला बटाटा, कलिंगड. मुंगीला विचारलं, कसं होतं. म्हणाली, सगळं संपलं. तिचे गालही वर आलेले वाटले.

फरसबी. एवढे दिवस मी फरसबी का नाही केली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

चार दिवस, चार रिकामे डबे. बुधवारी मुद्दाम पालक दिला. रिकामा. गुरुवारी बिनमिठाचे हरभरे. रिकामा. आज कच्चा मुळा, जो मी स्वतः खाऊ शकलो नाही. रिकामा.

याला पद्धत म्हणतात. मुलांना जबरदस्ती करायची नसते, त्यांच्या कलाने घ्यायचं असतं आणि मग मुळा द्यायचा असतो. हे कुठेतरी बोललं पाहिजे.

एक कुरबुर. मुंगी सकाळी शाळेच्या बसला जाताना पहिल्या मजल्यावर थांबते, मावशीला टाटा करायला. दोन-दोन मिनिटं. आज खिडकीतून ओरडलो. उशिराची सवय अशीच लागते.

रविवार, २२ फेब्रुवारी

मेहुणी आज दोन जिने चढून आली आणि उंबऱ्यात उभी राहून सरळ बोलायला लागली. धाप नाही. बायको म्हणाली, ताई, तू बारीक झालीस. ती म्हणाली, छातीतली जळजळही गेली गं. माझ्या घरातल्या शिस्तीचा वास खालच्या मजल्यापर्यंत जातो तर. जाताना मला म्हणाली, अंडं एक मिनिट जास्त उकडत जा, मधे कच्चं राहतं. आणि बीट नका देऊ हो सारखं.

तिचा काय संबंध? डबा मुंगीचा, सल्ला हिचा. हाताशी आलेला डबा निसटला म्हणून ही तडफड. मी हसून कानाडोळा केला. उद्या बीट.

सोमवार, २३ फेब्रुवारी

शाळेची सूचना. शुक्रवारी पालकांसोबत डबा. मधल्या सुट्टीत एका पालकाने वर्गात यायचं, मुलाशेजारी बसून त्याच्या डब्यातलं खायचं.

देव पावला. बाईंना लगेच चिठ्ठी लिहिली, की शेवटी दहा मिनिटं मी बोलेन, विषय: माझी मुलगी मुळा का खाते. फळ्यावर आकृती काढावी लागेल, रंगीत खडू असावेत.

साहेबांचा रिपोर्टही आजच उरकला. गळती शून्य. पडझड शून्य. उघडण्यास सुलभ या रकान्यात आम्ही नेहमी लिहितो तेच लिहिलं: ठीक. ग्राहकाचं मत: पूर्ण समाधानी.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

उद्या. आरशासमोर भाषण दोनदा म्हटलं. एकदा अकरा मिनिटं झाली, एकदा सतरा. मुंगी दारात उभी राहून ऐकत होती. विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, बाबा, उद्या आईला पाठव ना. मी म्हणालो, आई ड्यूटीवर आहे. मग मावशीला, म्हणाली. मुलांना वर्गात आपल्या बापाचं कौतुक व्हायचं म्हटलं की लाज वाटते. मीही असाच होतो.

नवी पँट, इस्त्रीचा शर्ट. दोघांचं जेवण मावेल असा त्याच झाकणाचा मोठा डबा कारखान्यातून आणला.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. पहाटे ५.०५

उठलो. भात, फरसबी, अंडी (एक मिनिट जास्त उकडली, माझा आपला विचार), टोमॅटो, सफरचंद. पाचही रंग प्रामाणिक. साडेसहाला वाफाळतं भरलं आणि बंद केलं. मुंगी डबा घेऊन पुढे गेली. मी दहाला निघेन.

संध्याकाळी ५.००

कारखान्यात गेलो नाही. घरीच आहे. लिहून टाकतो.

वर्गातले बाक छोटे. गुडघे हनुवटीला. सगळ्यांनी डबे काढले, उघडले, वर्गात वास सुटले. मुंगीने आमचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि हाताची घडी घालून बसली. मी म्हणालो, उघड. ती म्हणाली, तू उघड.

चार क्लिपा उघडल्या. झाकण जागचं हललं नाही. हात खिशात गेला. नवी पँट. पट्टी घरी, जुन्या पँटमध्ये.

नखांनी प्रयत्न केला. मग बाकाच्या कडेवर. मागच्या बाकावर एका मुलाचे वडील होते, चांगले आडदांड, माल वाहायचा ट्रक चालवतात. म्हणाले, आणा इकडे. त्यांनी डबा पोटाशी धरला, लाल झाले, परत दिला. चमचा घातला, तो वाकला. बाईंनी पट्टी आणली, फूटपट्टी, ती मोडली. मुलं गोळा झाली. कुणीतरी मोठ्याने विचारलं, हे काका झाकणांच्याच कारखान्यात आहेत ना? बाई म्हणाल्या, मी तुम्हाला चिठ्ठी पाठवली होती, हिला डबा उघडत नाही, माझ्यानेही उघडला नव्हता. तक्ता मिळाला तुमचा.

मुंगीने दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून एक रुमाल काढला. त्यात पाव होता, मधे अंडं. तिने तो नीट मधोमध तोडला, मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, बाबा, खा लवकर, वेळ पुरत नाही.

खाल्ला. घंटा झाली. भाषणाचं कुणी काढलं नाही, मीही नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

रुमाल मेहुणीचा. सोळा तारखेपर्यंत तिला पत्ता नव्हता. त्या दिवशी मुंगी दुपारी तिच्या दारात चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा तिने डबा हातात घेतला. गरम पाण्याच्या पातेल्यात दोन मिनिटं ठेवला, झाकण सुटलं. गरम भरून बंद केलं की गार झाल्यावर आतली हवा आकसते आणि झाकण धरून ठेवते, हे मी विभागात नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. तिने ते पातेल्यावर शोधून काढलं. संध्याकाळी मला सांगायला आली, तर मी तिला आकृती दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी जिन्यात मुंगीला रुमाल द्यायची. दुपारी माझा डबा पातेल्यात ठेवून उघडायची आणि स्वतः खायची. आठ डबे. मी विचारलं, मुळाही? म्हणाली, अन्न टाकायचं कसं. आणि खरं सांगू का, मानवलं मला. बीट सोडून.

बायको सगळं ऐकत होती. मी वाट बघत होतो की ती ओरडेल. ती नुसती म्हणाली, सोमवारपासून ताई, आणि मुंगीच्या बरगड्यांवरून हात फिरवत बसली.

वही मागे उलटून वाचली. चार, पाच, सहा. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. सोळा. नऊ दिवस पोर सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत अर्ध्या बिस्किटावर होती, आणि अकरा तारखेला मी तेही बंद केलं. दहाला मी जाळीतून तिच्याकडे बघत उभा होतो. मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? तिला प्रश्न कठीण गेला. मग म्हणाली, तू घरी डबा उघडायचास ना, तेव्हा हसायचास.

सोमवार, २ मार्च. सकाळी ७.२०

मुंगीचा डबा मेहुणीने भरला. साधा, वरचं झाकण नुसतं ठेवलेलं, वर रुमालाची गाठ.

मी सव्वापाचलाच उठलो होतो, सवयीने. करण्यासारखं काही नव्हतं. तसं एक काम आलं आहे. मेहुणीने निरोप दिला, की तिचा डबा मी चालू ठेवला तर तिची हरकत नाही, फक्त वाडग्यात घालून वर ताटली झाका. तेवढं केलं. पण हात रिकामेच वाटत होते. ओटा दोनदा पुसला. मुंगीला विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू. तिने बूट घालता घालता विचार केला आणि म्हणाली, पाण्याची बाटली भर.

भरली. बंद करून तिच्या हातात दिली. तिने ती माझ्यासमोर एकदा उघडून बघितली, बंद केली. पुन्हा उघडून बघितली. मग दप्तरात ठेवली आणि गेली. काही बोलली नाही, म्हणजे पास, असं मी धरून चाललो आहे.